ढगाखाली साफ केलेलं हेलिपॅड

काश्मीरमधल्या त्या उंच पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. मी महाडचा, पोस्टचा सुभेदार. सकाळी रेडिओ चेक, मग बर्फ उपसायचा. दुपारी पुन्हा बर्फ. हवालदार धोंडू पोलादपूरकडचा, कापड्याचा. दोन माणसांचं काम एकटा उरकायचा आणि वर म्हणायचा, "गावची काळकाई आई करून घेते, साहेब."

"मग तिच्याच हातात फावडं दे की!" मी चिडवायचो. माझा विश्वास मनगटावर. देवाला उगाच कशाला त्रास?

एका सकाळी सिपाही दत्ताच्या छातीत पाणी भरलं. उंचीवर होतं असं. माणूस लवकर खाली नेला नाही तर हातचा जातो. पोराचे ओठ निळे पडले होते. मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"वेदर निगेटिव्ह. ओव्हर."

ढग पोस्टवरच बसला होता. मी म्हटलं, खांद्यावर घेऊन उतरू. उतारावर ताजा बर्फ होता, कधी सुटेल नेम नव्हता. पण धडधाकट मराठे हातावर हात ठेवून बसणार होय?

धोंडूने फावडं उचललं. "हेलिपॅड साफ करतो."

"डोकं ठिकाणावर आहे का? या ढगात कोण येणार?"

"साहेब, आमच्याकडं धूळवाफ पेरतात. कोरड्या मातीत भात टाकून मोकळे. आभाळाकडं बघत बसलं तर पेरणार कधी? ढग हटवणं आपल्या हातात नाय, बर्फ हटवणं हाय. आई धाडील. जागा नको का करून ठेवायला?"

त्याचं खरं होतं. उतरायचं रद्द केलं आणि दुसरं फावडं मी घेतलं. साफ केलं की भरायचं, भरलं की पुन्हा साफ. तासाभरात समोरचा उतार धाडकन सुटला. ज्या वाटेने मी दत्ताला नेणार होतो, ती अख्खी वाट दरीत गेली. मी पुन्हा फावडं मारायला लागलो.

दुपारी ढग फाटला.

"पॅड रेडी? ओव्हर."

"रेडी!" मी ओरडलोच.

हेलिकॉप्टर टेकलं. दत्ताला आत ढकललं. ते वळतंय तोच ढग मिटला.

धोंडूला धाप लागली होती. मला वाटलं, थकला असेल. थोड्या वेळाने त्याच्या छातीतही तोच घुरघुराट ऐकू आला. आम्ही पुन्हा पॅड साफ केलं. हात सोलवटले तरी थांबलो नाही. ढग काही उघडला नाही.

"दत्ता?" त्याने विचारलं.

"हॉस्पिटलात पोचला. वाचतोय."

"बरं झालं." एवढंच बोलला. अंधार पडायच्या आत गेला.

मला देवीचा भयंकर राग आला. तो राग घेऊनच मी त्याच्या शवपेटीबरोबर कापड्याला आलो. शेजारच्या उमरठपासून माणसं लोटली होती. गर्दीतून त्याचे वडील पुढे आले.

"फोनवर सांगितलात तो आजारी पोरगा जगला?"

"जगला, बाबा."

"आमच्या धोंडूनं आईकडं त्याच्यासाठीच मागितलं व्हतं ना?"

"त्याच्यासाठीच."

म्हाताऱ्याने पेटीवरच्या तिरंग्यावर हात ठेवला. डोळे भरले होते, मान ताठ होती.

"मंग दिलं तिनं. माझा पोर रिकाम्या हातानं आला नाय."