एवढं मोठं कपाट कशाला, चाचा?

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या लाँचवर मला आजवर कोणी उठून जागा दिलेली नाही. मी रोजची उतारू, कोळ्याची पोर, डबा काखेत मारून कठड्याला टेकून उभी राहणार आणि तिकीटवाल्याशी काहीतरी हुज्जत घालणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्या सकाळी मात्र मी पाय ठेवला आणि दोन माणसं एकदम उठली. "बस ताई," म्हणाली. मी म्हटलं, अरे, मी काय म्हातारी झाले का रे? कोणी हसलं नाही… मग लाँचवाल्यानंच सांगितलं, यासीनचाचा पहाटेच्या नमाजाला उठले नाहीत. झोपेतच गेले. साऱ्या जेटीला ठाऊक होतं, फक्त मला सांगायचा धीर कोणाला होत नव्हता. मी त्या दिलेल्या जागेवर बसले आणि खाडी ओलांडेपर्यंत पाण्याकडे बघत राहिले.

आता काही आठवडे लोटलेत. रडून झालं. खरं सांगायचं तर चाचांची आठवण काढायची म्हटली की मला आधी हसू येतं, आणि त्यांना ते आवडलं असतं. म्हणून हे लिहितेय.

दिघीला चाचांचा बर्फाचा कारखाना, त्याला लागून मासळीचं कोल्ड स्टोरेज. माझा बाप होडीला बर्फ त्यांच्याकडूनच नेई. दोघांची दोस्ती अशी की समोरासमोर आले की भांडणार आणि चार दिवस दिसले नाहीत की एकमेकांकडे माणूस पाठवणार. आमच्या घरात बारावी झालेली मी पहिली. तेव्हा चाचांनी बापाला सांगितलं, पोरीला बाजारात बसवू नकोस, माझ्याकडे कॉम्प्युटर आलाय आणि त्याच्याकडे बघायला माणूस नाय. मी बघायला गेले ती अजून बघतेच आहे. सगळे त्यांना शेठ म्हणत, मी चाचा. पुढे आणखी चार जणी आल्या, कोणी दिघीची, कोणी म्हसळ्याकडची, आणि कारखान्याच्या माडीवर आमचं पाच बायकांचं ऑफिस झालं. कुठल्या होडीला किती बर्फ गेला, कोल्ड स्टोरेजमध्ये कोणाची मासळी कुठे ठेवलीय, कुठली गाडी कधी सुटली, सगळं आमच्या हातात.

चाचांची खरेदी म्हणजे तमाशा असे. उंचेपुरे, पांढरी दाढी, हसले की आवाज जेटीवर ऐकू जाणार, आणि बादली घ्यायची तरी आठ दिवस विचार करणार. दुकानदार वैतागून म्हणे, शेठ, बादलीच आहे, मुलगी देत नाही मी तुम्हाला. चाचांचं म्हणणं एकच. "चांगल्या दिवशी सगळंच चांगलं चालतं, गो. वाईट दिवशी काय होतं ते विचार." इंजिन घेताना, पंप घेताना, जावई करतानासुद्धा हाच प्रश्न.

तर झालं असं, की आमचा जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं खंगत चालला. सगळी माहिती त्या एका डब्यात, आणि तो दर दोन दिवसांनी मान टाकणार. चाचांचा मुलगा इम्तियाज मस्कतला असतो, तिथे त्याचं स्वतःचं मासळीचं दुकान आहे. हुशार आहे, बापाचा जीव त्याच्यावर. तो सुट्टीला आला आणि सगळं बघून म्हणाला, अब्बा, माहिती सगळी क्लाउडवर टाकू आणि ऑफिस खारघरला नेऊ. बर्फ इथे होऊ दे, कागदपत्रांचं काम तिथे होईल, शिकलेली माणसं तिथे मिळतील. आम्ही पाच जणी तिथेच बसलेल्या. शिकलेली माणसं म्हणे! मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचांनी डोळ्यांनीच गप्प केलं. ते मुलाला एवढंच म्हणाले की मी इथेच एक मशीन बसवतो, पावसाळाभर ते न थांबता चाललं तर ऑफिस दिघीलाच राहील, थांबलं तर तू म्हणशील तसं. बापलेकांचा करार झाला. आमचा मात्र जीव टांगणीला. खारघरला कोण जाणार हो? एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, एकीचं पोर पाळण्यात, आणि मला खाडी दिसली नाही तर अन्न गोड लागत नाही.

मशीन म्हणजे रॅकमधला सर्व्हर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, बेकरीतल्या ट्रेसारखा आडवा, चपटा डबा असतो. लोखंडी कपाटात सरकवायचा आणि स्क्रूनं पक्का करायचा. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्याकडून माहिती घेतात. एवढंच मला तेव्हा कळत होतं आणि चाचांना तेवढंही नाही. पण त्यांनी हा सर्व्हर असा शोधला, जसं लोक लेकीसाठी स्थळ शोधतात.

वाशीहून एक जण टाय लावून आला. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, मध्ये चवीपुरतं मराठी. दुसरा पुण्याहून रंगीत चित्रं घेऊन आला. तिसरी आली केतकी, पालीची मुलगी, तिथे तिचं कॉम्प्युटरचं छोटंसं दुकान. चाचींनी तिघांनाही तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण जेवू घातलं, आणि चाचांनी तिघांनाही तोच प्रश्न विचारला: बंद पडलं तर कोण येणार? तिघांनीही सांगितलं, कधीही फोन करा, माणूस हजर. चाचा मान डोलवत राहिले. मला वाटलं, झालं, आता आठ दिवस विचार.

आठ दिवस कसले, ते धुळवडीची वाट बघत होते! धुळवडीच्या दिवशी दुपारी त्यांनी तिघांना फोन लावले: मशीन बंद पडलंय, ताबडतोब या. अजून घेतलेलंच नव्हतं, पण सांगताना आवाजात अशी काकुळती की मलाही क्षणभर खरं वाटलं. वाशीवाल्याच्या फोनवर नुसतं गाणं वाजत राहिलं. पुण्याहून तक्रारीचा नंबर मिळाला. केतकी म्हणाली, अहो पण कुठलं मशीन? चाचा म्हणाले, ये तर खरी, मग दाखवतो. आणि काय सांगू, संध्याकाळच्या आत पोरगी दारात! भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून आलेली, केसांत गुलाल तसाच, पाठीवर हत्यारांची पिशवी. खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, कुठाय?

"अजून घ्यायचंय," चाचा म्हणाले. "पण आता घेईन ते तुझ्याकडूनच. बस, जेव."

केतकी अशी काही भडकली की विचारू नका. धुळवडीचं मटण चुलीवर सोडून आले मी, म्हणाली. मीही तिची बाजू घेतली, म्हटलं, चाचा, ही काय थट्टा झाली? लेकीबाळींना सणासुदीला असं पळवतात का? चाचांनी चक्क कान धरले. चाचींनी ताबडतोब मटणाचं पातेलं चढवलं, आणि त्यांचं मटण असं की केतकीचा राग दुसऱ्या वाढीला उतरला.

जेवता जेवता ती म्हणाली, मशीनला जागा थंड लागते. झालं! चाचांचा चेहरा फुलला. हात धुऊन ते आम्हाला खाली घेऊन गेले आणि कोल्ड स्टोरेजचं जाड दार ओढून उघडलं. याच्यापेक्षा थंड जागा अख्ख्या रायगडात मिळाली तर सांग, म्हणाले. केतकीनं एकदा त्या धुक्याकडे पाहिलं, एकदा चाचांकडे.

"चाचा, ते मशीन आहे, कोळंबी नाही."

मग तिनं समजावलं की नुसती थंडी कामाची नाही, हवा कोरडी पाहिजे. इथल्या ओलाव्यानं आणि खारानं आठवड्यात त्याचं वाटोळं होईल. चाचा त्या दाराला टेकून इतके हसले की आतली थंडी सगळी बाहेर आली आणि कामगार ओरडायला लागले. पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला ही गोष्ट ते स्वतःच सांगत, स्वतःवरच हसत.

कोरडी, थंड जागा कारखान्यात एकच होती, माडीवरची चाचांची दुपारच्या झोपेची खोली. एसी तिथेच. पूर्वी ती सामानाची कोठी होती, म्हणून दार बुटकं, वाकून आत जावं लागणारं. चाचांनी एका शब्दानं न कुरकुरता पलंग बाहेर काढला. केतकीनं सर्व्हर साधासाच सुचवला, पण नीट. वीज घेणारे भाग दोन, एक बिघडला तर दुसरा चालेल. माहिती ठेवणाऱ्या डिस्क जोडीनं, एक गेली तरी तीच माहिती दुसरीवर. हे दोन-दोनचं प्रकरण चाचांना फार पटलं. ती म्हणाली, एवढ्या मशीनला भिंतीवरचं छोटं कपाट पुरे. चाचा म्हणाले, नाय, सगळ्यात मोठं दे.

आलं ते कपाट माणसापेक्षा उंच! जिन्याच्या वळणावरच अडकलं. बरं, अडकलं नसतं तरी ते बुटक्या दारातून आत कसं जाणार? मी म्हटलं, परत करा. चाचांनी गवंड्याला बोलावलं आणि खोलीची अंगणाकडची भिंत फोडायला लावली. बर्फाच्या लाद्या उचलायची साखळीची कप्पी होती, ती वर बांधली. जेटीवरचे खलाशी धावत आले, दोरांना हात लागले, जाळं ओढताना ओरडतात तसं ओरडत कपाट हवेतून वर चढलं आणि चाचा खाली लहान मुलासारखे टाळ्या पिटत उभे. आत एक चपटा डबा बसला, बाकी सगळं रिकामं. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड! एवढं मोठं कपाट कशाला, चाचा? गवंडी भिंत परत लिंपत होता. त्यावर चाचा जे बोलले ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या पावसाळ्यात वादळ आलं. म्हसळ्याच्या बाजूला झाड कोसळलं आणि इंटरनेटची तार तुटली ती कितीतरी दिवस. वीजही गेली. पण कारखान्याचा जनरेटर होता, मशीन माडीवरच होतं, आणि आमचं काम एक तासही अडलं नाही. होड्या बंदच होत्या, पण कोल्ड स्टोरेजची मासळी वेळेवर निघत होती. इम्तियाजचा मस्कतहून फोन आला, अब्बा, बंद पडलं ना? चाचा उठले, वाकून खोलीत गेले आणि फोन सर्व्हरच्या पंख्यांसमोर धरला. घे, ऐक, म्हणाले. पलीकडे तो बराच वेळ ऐकत राहिला असावा. त्यानंतर खारघरचं नाव त्यानं काढलं नाही. आम्ही पाच जणींनी चाचींना साडी दिली… चाचांना काय द्यायचं कळेना, म्हणून केतकीच्या हातचं धुळवडीचं मटण मागवलं.

चाचा गेले आणि तो करार करणारंच कोणी राहिलं नाही. इम्तियाज दफनाला पोचला. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात आला, सगळ्यांची विचारपूस केली, डोळे सुजलेले. मग हळूच म्हणाला की सुनंदाताई, मला मस्कत सोडता येणार नाही, अम्मीला मी घेऊन जाईन, आणि ऑफिसचं आता खारघरला… वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मी कोण अडवणार? धंदा त्याचा. चौघी जणी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसल्या, पण कळफलकाचा आवाज येत नव्हता.

तो वाकून खोलीत गेला. मी मागोमाग. कपाटाभोवती फिरला, दाराकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"हे बाहेर कसं काढायचं?"

"भिंत फोडून," मी म्हटलं.

तो म्हणाला, कपाट राहू दे मग, सर्व्हर तर चार स्क्रू काढले की बगलेत मारून नेता येतो. अब्बांना हे माहीत नव्हतं का? मी म्हटलं, माहीत होतं. केतकीनं माझ्यादेखत सांगितलं होतं. आणि मग भिंत लिंपली जात असताना चाचा जे बोलले होते ते मी त्याला जसंच्या तसं सांगितलं.

"मशीन इम्तियाजचं हाय. न्यायचं तर नेईल, मी त्याला बांधून ठेवणार नाय. पण एवढं मोठं कपाट रिकामं ठेवून जाताना तो एकदा तरी इचारील ना, गो, की अब्बा यात अजून काय काय ठेवणार होते?"

इम्तियाज हसायला लागला. बापासारखाच, जेटीपर्यंत ऐकू जाणारं हसू, आणि हसता हसता खाली फरशीवर बसला आणि तोंड झाकून रडला. मी पंख्यांच्या त्या घरघरीत उभी होते. मलाही राहवलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं आणि केतकीचा नंबर मागितला.

गेल्या आठवड्यात दुसरा सर्व्हर आला. केतकीनं तो पहिल्याच्या खाली बसवला. मस्कतच्या दुकानाचं सगळं काम आता दिघीहून चालेल, आणि त्यासाठी आणखी एक मुलगी घ्यायची आहे, ती मी शोधतेय. काम संपल्यावर इम्तियाज खोलीतून बाहेर यायला निघाला आणि त्याचं कपाळ चौकटीवर असं काही आपटलं की आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. केतकी म्हणाली, आता इथे येणंजाणं वाढणार, गवंड्याला सांगून दार मोठं करून घेऊ या का?

"नको," कपाळ चोळत इम्तियाज म्हणाला. "आहे तेवढंच राहू दे."