विमलताईंची बढती

पगारवाढीचं पत्र हातात पडलं की चाकणच्या आमच्या कंपनीत बहुतेकांची तोंडं वाकडी होत. विमलताई मात्र वाढ जास्त तर झाली नाही ना, एवढंच बघायच्या. आकडा लहान दिसला की पत्राच्या चार घड्या करून पिशवीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "सुटले बाई औंदा बी." मी तिथे पर्सोनेलमध्ये. ही बाई वेडी आहे की साधू, हे मला बरीच वर्षं उमगलं नाही.

गाडीच्या आत वायरींची जी जुडी असते, ती आम्ही बनवतो. ताईंची बोटं त्यात इतकी बसली होती, की बोलताना त्यांना हाताकडे बघावंही लागत नसे. मूळच्या लातूरकडच्या. तळवड्याला दोन खोल्यांत त्या आणि नवरा नामदेवराव, एवढाच संसार. नामदेवराव आजारपणामुळे घरीच असत, इतकं मला माहीत होतं. त्यापुढे मी कधी विचारलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

लायनीवर नवी मुलगी आली की ताईंचा पहिला प्रश्न, कामगार विम्याचं कार्ड निघालं का. "डबा इसरलीस तर चालंल माय, कार्ड इसरू नगं." गुरुवार आमचा सुट्टीचा. त्या दिवशी बाकीच्या बाया धुणी धुवायच्या, आणि ताई कुणाच्या तरी सासूला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभ्या असायच्या. एकदा खिडकीवरचा माणूस एका म्हातारीवर खेकसला, तेव्हा ताईंनी त्याला शांतपणे सांगितलं म्हणे, "आमी मागाय आलो न्हाई, साहेब. दर म्हैन्याला पगारातून कापून दिलंय." म्हातारीला औषध तर मिळालंच, वर बसायला खुर्चीही मिळाली.

लाइन लीडरची जागा त्यांनी दोनदा नाकारली. मला माणसं दटावता येत नाहीत, म्हणाल्या. हे धडधडीत खोटं होतं. अख्खी लाइन त्यांच्या नजरेला टरकून असे. पण मला तो विनय वाटला. आणि पानावर नको नको म्हणणाऱ्याला आग्रह करून वाढायची आपल्याकडे रीतच आहे. मी तेच केलं. त्यांना न विचारता त्यांचं नाव वर पाठवलं, मंजूर करून आणलं, आणि खंडेनवमीला मशिनींची पूजा झाल्यावर सगळ्यांसमोर मॅनेजरसाहेबांना पत्र आणि नारळ त्यांच्या हातात ठेवायला लावलं. टाळ्या पडल्या. ताई हसल्या. मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो.

जेवणाच्या सुट्टीत त्या नारळ घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. पत्र परत देता येतं का, म्हणून विचारलं. मी ते थट्टेवारी नेलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. नामदेवरावांची किडनी बदललेली होती, आणि ती ताईंचीच होती. ऑपरेशन कामगार विम्यातून झालं. आता किडनी टिकवायच्या महागड्या गोळ्या जन्मभर, रोज, तिथूनच मिळत होत्या. पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की विमा सुटतो. ती मर्यादा मला तोंडपाठ होती. त्या कामाचे फॉर्म मीच भरत असे. पण फॉर्ममधला आकडा आणि ताईंचं 'नको', या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात, हे मला सुचलं नव्हतं.

मग मी धावपळ केली. वरून उत्तर आलं, की बढती मागे घ्यायची पद्धत नाही, आणि आता कंपनीचा मेडिक्लेम आहेच की. मेडिक्लेमवाले म्हणाले, ॲडमिट झाले तर खर्च देऊ, घरी घ्यायच्या गोळ्यांचा नाही. सरकारी आरोग्य योजनेच्या मदत कक्षातही तेच. ताई सगळीकडे माझ्याबरोबर आल्या. परतताना बसस्टॉपवर म्हणाल्या, "म्हंजी माणूस पडला की उचलनार. पडू नये म्हनून धरायला कुनी न्हाई." विमा नियमाप्रमाणे आणखी काही महिने चालला आणि मग थांबला.

त्यानंतर ताई गोळ्या विकत आणू लागल्या. वाढलेला पगार त्यातच जाई, वर ओव्हरटाइम. ते बघून नामदेवरावांनी परस्पर एक ठरवलं. ताई पहिल्या शिफ्टला गेल्या की ते ब्लेडने गोळी अर्धी करत. अर्धी घेत, अर्धी पुढच्या दिवसांसाठी डब्यात साठवत. मागची पाकिटं अजून शिल्लक आहेत, असं बायकोला सांगत. पायावर सूज आली तेव्हा उशीर झाला होता. किडनी गेली. मग डायलिसिस मात्र योजनेतून सगळं फुकट झालं. पाचव्या महिन्यात नामदेवराव गेले.

दहाव्यानंतर मी तळवड्याला गेलो. बसायच्या आधीच म्हणालो, "ताई, हे माझ्यामुळे झालं."

त्यांनी आधी माझ्यासाठी सतरंजी अंथरली. मग म्हणाल्या, "तुमी मान दिला, साहेब. मीच आधी सांगाया पायजे होतं. पन मला पगार कमी ऱ्हाऊ द्या, असं कोन्या तोंडानं सांगू? लाज वाटली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडलो, आणि त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

निघताना त्यांनी फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. आत अर्ध्या गोळ्या होत्या, कॅलेंडरच्या कागदात नीट बांधलेल्या. डायलिसिस सुरू झाल्यावर त्या तशाच राहून गेल्या होत्या. "लई महागाच्या हायत," ताई म्हणाल्या. "कंपनीत कुनाच्या घरी लागत असतील तर द्या. त्यांच्यासारकं कुनी अर्ध्यावर ऱ्हाऊ नये."

मी डबा घेतला. तशा तुकडे केलेल्या गोळ्या कुणालाच देता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांना मी तसं सांगितलं नाही.