रिकाम्या खोलीतला गारवा

"किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्धा तास," मी म्हणालो.

त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं. मग माझी बायको सुनंदा हिच्या काखेतला थर्मामीटर काढून पाहिला. एकशे सहा. "हीट स्ट्रोक आहे," ते म्हणाले. हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात. शरीराला स्वतःला गार करणं जमेनासं होतं आणि आतले अवयव तापत जातात. पहिल्या अर्ध्या तासात गार केलं तर माणूस बहुतेक वेळा सावरतो, असंही ते म्हणाले.

अर्धा तास खोटा होता. तीन तास झाले होते. मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे आणि हे लिहून ठेवल्याशिवाय मला मरायचं नाही.

आमचं घर तोंडवलीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. निवृत्तीनंतर मी पुढच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी केल्या. टाइल्स, एसी, पांढऱ्या चादरी. आम्ही दोघं मागच्या पडवीत राहायला गेलो. तिथे वर पत्रा आहे. स्वयंपाकही तिथेच, कारण पाहुण्यांना चुलीवरचं जेवण हवं असतं. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. मी उभा राहत नव्हतो. सुनंदा राहत होती.

उष्माघात हा घाटावरच्या लोकांचा आजार, अशी आम्हा किनाऱ्यावरच्यांची समजूत. आमच्याकडे वारा असतो, घाम येतो, कोकम सरबत पितो, झालं. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेल्या घामाने अंग गार होत नाही. हे मला आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून कळलं.

त्या दिवशी कोल्हापूरचे आठ पाहुणे यायचे होते. सुनंदा पहाटेपासून मासे साफ करत होती. अकराच्या सुमारास ती म्हणाली, "ओ, माझी टकली फिरता. जरा आडवी पडतंय." टकली म्हणजे डोकं.

"सरकारी नोकरी आसा तुझी, रजा घेवक?" मी म्हणालो. "पावणे येतले. जेवाण करून मग नीज."

ती हसली आणि पुन्हा चुलीपुढे बसली.

बाराला तिला उलटी झाली. मला वाटलं, पित्त. ती रक्तदाबाची गोळी घेते. त्या गोळीने लघवीवाटे पाणी जातं, म्हणून उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून तिचं प्रमाण ठरवायचं असतं. मी कधी विचारलं नव्हतं.

साडेबाराला ती बरळायला लागली. "गोरवां उन्हात बांधलेली आसत. त्यांका सावळेत घाला." आमची गुरं विकून पंधरा वर्षं झाली. मी म्हणालो, "नाटकां पुरे." ती माझ्याकडे ओळख नसल्यासारखी बघत राहिली. उष्माघाताची सर्वांत महत्त्वाची खूण हीच. माणूस विसंगत बोलायला लागला की मेंदू तापलेला असतो. घाम थांबतो, काहींचा थांबत नाही, त्यावर जाऊ नका. बोलण्यावर जा.

मी तिला हात लावला. चटका बसला. ताप आहे म्हणून तापाची गोळी तोंडात कोंबली, पडवीतल्या खाटेवर निजवलं आणि वर गोधडी घातली. लहानपणी आई तापात तसंच करायची. उष्माघातात ती गोळी उपयोगाची नसते आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं. गोधडीबद्दल काय सांगू?

आता मी सर्वांपासून लपवलेली गोष्ट. त्या खाटेपासून दहा पावलांवर पाहुण्यांची खोली होती. रिकामी. आल्याआल्या त्यांना गार वाटावं म्हणून मी बारा वाजल्यापासून तिथला एसी लावून ठेवला होता. तिला तिथे न्यावं, हे माझ्या मनात आलं होतं. ते आलंच नाही, असं मी खूप दिवस स्वतःला सांगितलं. पण आलं होतं. तिच्या अंगाला माशांचा वास होता, लुगड्याला उलटी लागली होती, आणि चादरी पांढऱ्या होत्या. मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि उरलेले मासे स्वतः तळायला बसलो.

दोन वाजता पाहुणे आले. त्यांच्यातली एक बाई पाणी मागायला मागे आली. खाटेकडे बघून तिने हातातली पिशवी खाली टाकली.

"काका, गोधडी काढा आधी. आमची खोली उघडा."

त्यांनीच तिला उचलून आत नेलं. अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला, माझ्या फ्रीजमधला सगळा बर्फ फडक्यात बांधून तिच्या काखेत आणि मानेवर ठेवला. पांढरी चादर भिजली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी दारात उभा होतो.

पुढचे बारा दिवस आयसीयू. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडं थकली. दोनदा डायलिसिस झालं. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "तुम्ही अर्ध्या तासात आणलंत. मग मेंदूवर एवढा परिणाम कसा? दुसरं काही असणार. मेंदूज्वर तर नाही ना, ते बघावं लागेल."

ते बघण्यासाठी लंबर पंक्चर करतात, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढतात. दोन नर्सनी तिला कुशीवर वळवून, गुडघे छातीशी दाबून धरलं. ती अर्धवट शुद्धीत होती. मी बाहेर होतो. तिचा आवाज गुरासारखा आला. पहिल्यांदा सुई नीट लागली नाही, म्हणून दुसऱ्यांदा घातली. "तीन तास" एवढं म्हटलं असतं तर कदाचित ती सुई टळली असती. मुलगा मुंबईहून आलेला, माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प राहिलो.

पाण्यात काही निघालं नाही.

सुनंदा घरी आली. सेरेबेलम, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, कायमचा दुखावला आहे. ती धरून चालते. कप उचलला की अर्धा चहा सांडतो. शब्द जड येतात. त्या दुपारचं तिला काहीच आठवत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "ह्येनी माका वेळेर न्हेल्यानी, म्हणान मी वाचलंय." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. दोन वर्षं मी ते कौतुक घेतलं.

गेल्या महिन्यात उन्हं तापू लागली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. एक एक गोष्ट, गोधडीपासून सुईपर्यंत. ती बराच वेळ चादरीचं टोक चाचपत होती.

"तेवा एसी चालू होतो?" तिने विचारलं.

"होतो."

आता ती त्या खोलीत झोपते. मी पडवीत, पत्र्याखाली. तिने तसं सांगितलेलं नाही. पण मी उंबऱ्याशी गेलो की ती भिंतीकडे तोंड करते.

तुमच्या घरात उन्हात किंवा चुलीपुढे राबणारं कोणी "टकली फिरता" म्हणालं, तर काम तिथेच थांबवा. सर्वांत गार जागा ज्याची असेल त्याच्याकडून घ्या, भिजवा, वारा घाला, आणि दवाखान्यात खरी वेळ सांगा. त्या कोल्हापूरच्या बाईचे आभार मी अजून मानलेले नाहीत. इथे मानतो.

परवा कट्टा गावाहून सुनंदाची बहीण आली. उंबऱ्यावर बसून म्हणाली, "भावोजींनी वेळेर न्हेल्यानी, नायतर काय झाला असता गो?"

सुनंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

"तीन तास," मी म्हणालो.