पूजेत मांडलेलं इंजिन

पाटावर हिरवं खणाचं कापड, त्यावर ओळीनं मांडलेले आठ व्हॉल्व्ह — चार मोठे, चार लहान — राखेनं घासून लख्ख केलेले, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट आणि भोवती झेंडूच्या पाकळ्या… खंडेनवमी म्हटलं की मला आजही हेच दिसतं, आणि मागून डिझेल नि उदबत्तीचा मिसळलेला वास येतो.

ते व्हॉल्व्ह आमच्या म्हाताऱ्या डिझेल पिकअपचे. हसनाबादजवळच्या आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंतच. आठवीला मी भोकरदनला जाऊ लागले ती याच गाडीतून, दुधाच्या कॅन आणि मेथीच्या जुड्यांच्या संगतीनं. एसटी फाट्यावर यायची तेव्हा शाळा केव्हाच भरलेली असायची. पावसाळा सरता सरता गाडीनं मान टाकली. धूर ओकायची, चढ दिसला की रुसायची, सकाळी तर उठायचं नावच घेईना. थोरले काका घरातले कर्ते. त्यांनी निकाल देऊन टाकला, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलवून राह्यलो. पोरीची शाळा बी बास झाली आता."

बाबा उलट बोलणाऱ्यातले नव्हते. हट्टी मात्र होते. अंगणातल्या लिंबाखाली त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, उतरवलं. ही विद्या ते कुणाकडे शिकले नव्हते. स्वतःची बोटं ठेचून जेवढी आली तेवढी. झिजता झिजता प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या जागेशी जुळलेला असतो, म्हणून त्यांनी ते गोणपाटावर क्रमानं ठेवले आणि खंडेनवमीच्या सकाळी हेडखाली घालायचं नवं गॅस्केट आणायला जालन्याला गेले.

त्या दिवशी आमच्याकडे विळ्यापासून पान्यांपर्यंत सारी हत्यारं धुऊन पूजेत मांडायची, आणि एकदा मांडली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आईला वाटलं, घर चालवणाऱ्या गाडीला कसं वगळायचं? तिनं ते काळेकुट्ट व्हॉल्व्ह मन लावून घासले आणि मोठे एकीकडे, लहान एकीकडे असे मांडले.

बाबा परतले आणि पाटासमोर उभेच राहिले.

"अवं, ह्यातला कोन्ता कुठला… आता कसं वळखू?"

आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला धडकी भरली. माझी शाळा गेली, एवढंच मला कळलं, आणि मी भोकाड पसरलं.

आईचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "मंग काय करावं लागंल?"

"एकेक घासून नव्यानं जागेवर बसवावा लागंल. पर आज हात कसा लावू?"

"तुमी नका लावू. म्याच मांडले, म्याच उचलते."

ओट्यावरून काका गरजले, "नवमी मोडून राह्यली का?"

आई काकांशी कधी थेट बोलत नसे. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यान्ला सांग, मला चवथीतून काढलं तव्हा कुन्या देवाला इचारलं नव्हतं."

मला काही सांगावं लागलं नाही. काका उठून आत गेले.

मग आई लिंबाखाली बसली. व्हॉल्व्हच्या कडेला वाळूसारखी खरखरीत पेस्ट लावायची, तो हेडमधल्या भोकात बसवायचा, टोकाला रबरी वाटी असलेली काठी त्यावर चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत ती फिरवत राहायची — ताक घुसळावं तशी. खर्र… खर्र… बाबा शेजारी बसून जागा दाखवत. एक जमला की वरून रॉकेल ओतायचं. खाली थेंब पाझरला की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी दिवा लावायला ती उठली तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते, आणि काडी मीच ओढली.

दसरा उजाडताच बाबांनी पूजेतले पाने उचलले. दुपारपर्यंत हेड बसलं. सगळ्या वाडीनं गाडी ढकलली. ती दोनदा गचके खाऊन थांबली, आणि मग उतारावर असा काळा धूर सोडून गरजली, की झाडावरचे कावळे उडाले. आई भर अंगणात तोंडावर पदर धरून रडली. भंगारवाल्याचं नाव काकांनी पुन्हा काढलं नाही.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात केदारखेड्याच्या रस्त्यावर गाडी कायमची थांबली. "पुन्हा खोलू का?" बाबांनी विचारलं.

"जाऊ द्या आता," आई म्हणाली. "पोरगी पोचली."

मी पुढंही शिकत गेले, नोकरीला लागले. आईला वाटे, मी दहावीलाच पोचले. त्यापुढं केवढा रस्ता होता, हे मला तिला निवांत बसून सांगायचं होतं… आता ती नाही.