नळीवाल्या सरांचा पाव तास

पोलिसांनी गाडी अडवली की लोक खिशात लायसन्स शोधतात. आमचे सर दारू तपासायच्या मशीनची नळी शोधत. सीलबंद, प्लास्टिकची, स्वतः आणलेली. "मशीनला ही लावा, मग फुंकतो. दुसऱ्याच्या तोंडातली नळी तोंडात घेणार नाही, हा माझा हक्क आहे." कॉलेजात कायदा शिकवून रिटायर झालेला हा माणूस कडक चहालासुद्धा घाबरे.

पोलीस आता त्यांना ओळखून "जाओ सर" म्हणत. सरांना तो अपमान वाटे. पुढे गेलेली स्कूटर वळवून ते परत रांगेत लागत. "बिना जाँच के कैसे जाऊँ, भाई?" मागे बसलेली मी, त्यांची जुनी विद्यार्थिनी आणि शेजारीण, ओढणीत तोंड लपवत असे.

"पिऊन चालवायचा हक्क कुणाच्या बापाला नाही," ते वर्गात सांगत. "पण न पिता मशीन बोंबललं, तर पाव तास थांबून, तोंडातला वास उडाला की पुन्हा फुंकायचं." त्यांचा दुसरा नियम देवाचा होता. प्रसादाला नाही म्हणायचं नाही.

पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला सरांच्या स्कूटरची धास्ती होती. एक जरी चलान झालं तर स्कूटर विकून पुण्याला यायचं, असं त्याने कबूल करून घेतलं होतं. सर निर्धास्त होते. उज्जैन सोडायचं म्हटलं की त्यांना घास जात नसे, पण चलान होणार कशाचं?

आमच्या कालभैरवाला दारूचा नैवेद्य लागतो आणि तोच प्रसाद मिळतो. वर्षातून एकदा सर तो तळहातावर थेंबभर घेत. यंदा तो घेऊन संध्याकाळी आम्ही परतताना भैरवगढच्या रस्त्यावर तपासणी होती. सरांनी नळी लावली, फुंकलं आणि मशीन बोंबललं.

"परसाद का है सर, जाओ," हवालदार हात जोडून म्हणाला.

"ऐसे कैसे? पाव घंटा बैठूँगा, फिर फूँकूँगा." सर रस्त्याकडेच्या खुर्चीत बसले.

तो रस्ता दर्शनाहून परतणाऱ्यांचा. उज्जैनचे निम्मे वकील सरांचे विद्यार्थी. सर खुर्चीत दिसले की गाड्या थांबत, लोक पाया पडत आणि बाटलीतला उरलेला प्रसाद पुढे करत. "सर, भैरवबाबा का है." सर हात पुढे करत. मग पाव तास पुन्हा पहिल्यापासून. हवालदार बिचारा विनवत होता, "सर को मत पिलाओ रे." पण प्रसाद अडवायची त्याचीही छाती नव्हती.

अंधार पडला तेव्हा सर खुर्चीतून उठताना झोकांडले. पुन्हा फुंकलं. आकडा बघून शांतपणे म्हणाले, "अब लिखो. अब मशीन सही बोल रही है."

"गाडी मी चालवते, सर. लिहायला कशाला लावता?"

"मी पहिल्यांदा फुंकलं ते गाडीवरूनच ना? लिहू दे."

हवालदाराने डोळे पुसत चलान लिहिलं.

महिन्याभरात स्कूटर विकली गेली. देवास गेटच्या बसस्टँडवर पुण्याच्या बसपाशी मी रडत होते. तेवढ्यात तो हवालदार धावत आला. हातात छोटी बाटली होती. "सर, बाबा का परसाद. वहाँ कहाँ मिलेगा."

सरांनी तळहात पुढे केला, थेंब घेतला, ओला हात डोक्यावरून फिरवला. मग खिशातली शेवटची नळी काढून त्याच्या हातात दिली.

"पहले ड्राइवर से फुँकवा लो," ते म्हणाले. "आज गाडी वो चला रहा है."