सहादूचं विषुववृत्त

सहादू पगारेने दहा वर्षं एकच राग जपला, आणि तो एक दिवसही शिळा होऊ दिला नाही.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात तो पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होता. १९७३ साली गायधनी सरांनी विश्वकिरण मोजायचं यंत्र देऊन त्याला मॉरिशसच्या मालवाहू जहाजावर धाडलं. स्वतः जाणार कसे? सरांना बोट लागायची! अवकाशातून येणाऱ्या या किरणांना पृथ्वीचं चुंबकत्व परतवून लावतं, आणि विषुववृत्तावर सगळ्यात जास्त. म्हणून तिथे आकडे सगळ्यात कमी यायला हवेत, हे सरांनीच त्याला शिकवलं होतं. सहादूने गजर लावून दर तासाला आकडा टिपला.

परतल्यावर सर वही बघून भडकले. आकडे सगळ्यात खाली गेले होते ते लंकेच्या वरच्या टोकाच्या अक्षांशावर. विषुववृत्त तिथून दोन दिवसांवर, आणि तिथे पोचेपर्यंत ते पुन्हा चढू लागलेले.

“झोपा काढल्यास आणि आकडे मनाने भरलेस! तुम्हा लोकांच्या हाती यंत्र द्यायलाच नको होतं.”

सेवापुस्तकात शेरा पडला: ‘कामावर झोपतो, खोट्या नोंदी करतो.’ सहायकाची जागा हुकली, यंत्राला हात लावायची बंदी झाली. सहादू माठ भरू लागला, वर्गांतले फळे पुसू लागला, आणि सरांना चहा देताना रोज मनातल्या मनात त्यांना आडवं करू लागला. वहीची कार्बनप्रत मात्र बायकोच्या, सुलाबाईच्या, ट्रंकेत लुगड्यांखाली राहिली.

१९८३ मध्ये सरांच्या निरोप समारंभाला मुंबईहून विश्वकिरणांचे एक जाणकार पाहुणे आले. सहादूने पाण्याच्या तांब्यासोबत ती प्रत त्यांच्यापुढे ठेवली. पाहुण्यांनी पानं उलटली.

“आकडे अगदी बरोबर आहेत! चुंबकीय विषुववृत्त नकाशातल्या विषुववृत्तावरून जात नाही. आपल्या बाजूला ते बरंच वर, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, आणि आकडे तिथेच सगळ्यात कमी येतात. कोणी घेतले हे?”

“मी,” सहादू सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाला. “ह्याच आकड्यांपायी माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला.”

प्राचार्यांनी तिथेच सेवापुस्तक मागवलं. गळ्यातल्या हारासकट सर पुटपुटले, “आण, शेरा खोडून टाकतो.”

“खोडायचं नाय, सर. खोडलं की तुमची चूक बी पुसली जाईल. खाली लिहा, ‘विषुववृत्त मला कळलं नव्हतं.’”

सरांनी मान खाली घालून ते वाक्य लिहिलं. सहादूला कीव आली नाही. उलट जिवाला गारवा वाटला. सही झाली, तारीख पडली. त्याने पुस्तक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

“तास बी टाका, सर. मी दर तासाला टाकत होतो.”