पोस्टताईची बाबागाडी

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात राहणारी पोस्टताई रस्त्याने कधी सरळ चालत नाही. पायात दोष नाही. इतकी वर्षं टपाल वाटून पायांना वळणच असं पडलंय की या बाजूचं एक दार, त्या बाजूचं एक दार, असं शिवत शिवत ती जाते. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर भाजी आणायला निघाली तरी तेच. मी आपली सरळ जाते आणि ती माझ्या डावी-उजवीकडून फिरत राहते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माझ्यासारख्या म्हातारीवर कोणीतरी राखण ठेवली आहे.

तिचं लग्नही या चालण्यातूनच जमलं. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांना पत्र लिहिणारं जगात कोणी नव्हतं, त्यामुळे पोस्टताई त्यांचं दुकान वगळून पुढे जायची. मास्तरांना ते सोसेना. त्यांनी बटणांच्या कारखान्याला, दोऱ्यांच्या कारखान्याला आणि शेवटी कोंबड्यांची खुराडी बनवणाऱ्यांनासुद्धा पत्रं टाकून माहितीपत्रकं मागवायला सुरुवात केली. रोज काही ना काही येऊ लागलं. एक दिवस पोस्टताईने पाकीट टेबलावर ठेवत विचारलं, "मास्तर, कोंबड्या कुठे पाळणार आहात?" मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिथे." लग्न ठरायला एवढं पुरलं.

पहिली मुलगी झाली. ती एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. भिंगरीला काखोटीला मारून पोस्टताई बाजार, दवाखाना, बहिणीचं घर सगळं करायची. मग झाली जुळी, दोन्ही मुलगे. थोरला आणि धाकटा यांच्यात अंतर चहा गाळायला लागतं तेवढंच, पण सासूबाई थोरल्याला आधी दूध पाजतात. थोरलेपणाचा मान म्हणे.

जुळी झाल्यापासून पोस्टताईचं बाहेर पडणं म्हणजे मिरवणूक. पुढे थोरल्याला घेऊन सासूबाई, मागे धाकट्याला घेऊन ती, मध्ये दुकान अर्धवट लोटून आलेले मास्तर दुपटी आणि बाटल्या सांभाळत, आणि भिंगरी सगळ्यांच्या पायांत. सगळे तयार होईपर्यंत कोणीतरी भिजवून ठेवायचं. मग कपडे बदला. तोवर मास्तरांचं गिऱ्हाईक हाका मारायचं. पुष्कळदा मिरवणूक दारातूनच परत फिरायची.

एकदा संध्याकाळी ती माझ्या दारात टेकली. हातातल्या दुपट्याची घडी घालत होती, उकलत होती, पुन्हा घालत होती.

"काकू, मला तिघांना घेऊन एकटीने खाली उतरायचंय. कोणाला हाक न मारता. हाक मारली की आधी वाट बघायची, मग उपकार मानायचे, मग घाईने परत यायचं. रजा संपेपर्यंत मी चालायचं विसरून जाईन."

"बाबागाडी घे ना मग," मी म्हटलं.

सासूबाई समोरच्या घरातून म्हणाल्या, "आम्ही काय गाडीतून वाढवली का पोरं?"

"तुम्हाला एकच झाला, आई."

"एक होता पण दोघांना भारी होता. विचार त्याला."

मास्तरांनी मात्र गोष्ट मनावर घेतली. जुळ्यांच्या गाड्या दोन जातीच्या मिळतात असा शोध त्यांनी लावला. एकीत मुलं शेजारी शेजारी बसतात, दुसरीत एकामागे एक. त्यांनी शेजारची पसंत केली, कारण भावंडांनी एकमेकांची तोंडं बघावीत. टेप घेऊन त्यांनी इमारतीचं दार मोजलं, दुकानात जाऊन गाडी मोजली आणि अगदी आरामात जाईल असं सांगून ती घरी पोचवायला लावली. रुंद, मऊ, दोन्ही बाजूंना हात असलेली ती गाडी बघून आम्ही तिचं नाव सोफा ठेवलं.

घडी होऊन आत आलेला सोफा उघडल्यावर इमारतीच्या दारात अडकला. त्यात दोघं झोपलेले. पुढे जाईना, मागे येईना. मागे पाववाला उभा, पुढे वरच्या मजल्यावरची वकीलबाई उभी, आणि मास्तर चौकटीला टेप लावून पुन्हा पुन्हा मोजतायत. शेवटी त्यांच्या तोंडातून निघालं की दाराचं माप त्यांनी थोडं सैल धरलं होतं. तीस वर्षांची हाताची सवय. छातीचं माप घ्यावं आणि श्वासाला जागा ठेवावी, तसं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, गिऱ्हाइकाचं पोट सुटतं म्हणून तू सैल धरतोस. दाराचं पोट सुटणार होतं का?"

वकीलबाई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. पाववाल्याने वरून हात घालून मुलं काढून दिली. दोघं जागे झाले नाहीत.

मग मास्तरांनी दुसऱ्या टोकाला उडी मारली. एकामागे एक बसवायच्या गाडीचं माप इतकं काटेकोर घेतलं की टेप ताणून ताणून लांब झाला असेल. दारातून ती जाईल, पण लिफ्टमध्ये मावणार नाही, असा निकाल त्यांनी दिला. लिफ्ट उथळ, गाडी लांब. तिचं नाव आगगाडी पडलं.

"गाडी जिन्याखाली ठेवू," मास्तर म्हणाले. "तू फक्त हाक मार. मी येऊन एकेकाला खाली आणून बसवून देत जाईन."

जेवताना पोस्टताईने पोळीचे इतके बारीक तुकडे केले की सासूबाईंनी विचारलं, चिमण्यांना घालतेस का.

दुसऱ्या दिवशी सोफा परत करायला ती निघाली. जुळी आजीजवळ ठेवली आणि भिंगरीला व मला बरोबर घेतलं. खरं तर गाडीचा नादच सोडून द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. बाबागाड्यांच्या दुकानाचा मालक हा किडकिडीत, काळजीवाहू माणूस. विकलेली वस्तू परत येताना बघून त्याचा चेहरा उतरला. पण उतरलेल्या चेहऱ्यानेच त्याने आगगाडी पुढे आणली. दोन्ही बैठकांवर वाळू भरलेल्या कापडी बाहुल्या पट्ट्याने बांधलेल्या, गिऱ्हाइकाला वजनाचा अंदाज यावा म्हणून. मागच्या बाजूला मोठ्या मुलाला उभं राहायला एक फळी. भिंगरी कोणी सांगायच्या आधीच त्या फळीवर चढली.

"दारापर्यंत चालवून बघा, बाई," मालक म्हणाला. "घ्यायलाच पाहिजे असं नाही."

पोस्टताईने दांडा धरला, दारापर्यंत गेली आणि दारातून बाहेर पडली.

"बाई, दारापर्यंत म्हटलं होतं."

तिला ऐकूच गेलं नसावं. ते दुकान नेमकं तिच्या टपालाच्या रस्त्यावर आणि हातात ढकलायला गाडी. पायांना आणखी काय लागतं? पोस्टात तिला पत्रांसाठी एक ढकलगाडी दिलेली आहे. त्या दांड्याला धरून ती रोज जसं चालते तसंच पाय चालू लागले. उजवीकडचं एक दार, डावीकडचं एक दार. फळीवरची भिंगरी आगगाडीसारखी शिट्टी वाजवत होती. तिच्यामागे मी, माझ्यामागे दुकानाचा मालक घरातल्या सपाता घालून.

पहिला थांबा औषधवाल्याचा. तो बाहेर आला. "आणलीत का जुळी? बघू तरी." वाकून बघितलं, आणखी जवळ जाऊन बघितलं. बाहुल्यांना काळ्या बटणांचे डोळे होते.

"शांत आहेत," तो शेवटी म्हणाला.

"झोपलेत," पोस्टताई म्हणाली.

"डोळे उघडे ठेवून?"

"बापावर गेलेत."

त्याला काही विचारायचं होतं, पण ती पलीकडच्या दाराशी पोचली होती. तिथे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा खुर्ची टाकून बसतात. त्यांना जाड भिंगाशिवाय दिसत नाही आणि भिंग नेहमी आत असतं. त्यांनी एका बाहुलीचा गालगुच्चा घेतला. "गुटगुटीत आहे हो. जरा खरखरीत आहे, पण थंडीत होतं असं." मग सवयीने हात पुढे केला. "माझं काही?" पोस्टताईने सवयीनेच गाडीखालच्या टोपलीत हात घातला आणि जे हाताला लागलं ते त्यांच्या हातावर ठेवलं. बाबागाडीची घडी कशी घालावी याचं माहितीपत्रक होतं ते. आजोबांनी ते छातीशी धरलं. "आलं एकदाचं," ते म्हणाले.

मालक माझ्या कानाशी पुटपुटला, "आजी, यांना थांबवा. नमुन्याची एकच गाडी आहे माझ्याकडे."

मला बोलायला श्वास कुठे होता. आणि खरं सांगायचं तर थांबवायची इच्छाही नव्हती. किती तरी दिवसांत पोस्टताईची मान अशी वर बघितली नव्हती. लोक दारांतून, खिडक्यांतून हाका मारत होते, रजेवरून आलात का, बदलीवाला पत्रं उलटीसुलटी टाकतो, तुम्ही या बाई लवकर. ती प्रत्येकाला उत्तर देत होती आणि चाकं काही थांबत नव्हती. उंबरे आले, फुटक्या फरशा आल्या, एक अरुंद फाटक आलं. आगगाडी सगळ्यांतून सुईत दोरा जावा तशी गेली.

पुढे दातांच्या डॉक्टरांची इमारत. डॉक्टर शेवटच्या मजल्यावर आणि त्यांची पार्सलं रोज, म्हणून पोस्टताई तिथे नेहमी लिफ्टने जाते. ती आत वळली, मी आणि मालक तिच्या मागे. लिफ्टचं दार उघडलं. तिने काही विचार केलेला मला दिसला नाही. दांडा खाली दाबला, पाय मागच्या आडव्या दांडीवर ठेवला, पुढची चाकं वर उचलली आणि लिफ्टच्या मागच्या भिंतीला टेकवली. पत्रांनी भरलेली ढकलगाडी ती रोज अशीच आत घालते. भिंगरी तिच्या कुशीत शिरली. दार बंद झालं आणि आम्ही दोघं बाहेर राहिलो.

मालकाने माझ्याकडे बघितलं. "आता?"

"आता जिना," मी म्हटलं.

वर पोचेपर्यंत माझे गुडघे स्वतंत्र संसार थाटायच्या बेतात होते. लिफ्टचं दार उघडंच होतं आणि पोस्टताई आतच उभी होती. दार पुन्हा पुन्हा तिच्या खांद्याला लागून मागे सरत होतं.

"काकू, मावली."

"काय मावलं?"

"गाडी. दार लागलं, काकू. आणि ही लिफ्ट आपल्यासारखीच आहे."

ते खरं होतं. दोन्ही इमारती एकाच कंत्राटदाराने बांधलेल्या. लिफ्टही तीच, तिचं कुरकुरणंही तेच. मास्तरांनी गाडी आडवी मोजली होती. उचलून कोण मोजतं?

मालक कठड्याला धरून धापा टाकत होता. "बाई, आता तरी परत द्या."

"परत कशाला? घेतली," पोस्टताई म्हणाली. "बाहुल्या तेवढ्या काढून घ्या. माझ्याकडे दोन आहेत."

घरी येऊन तिने मास्तरांना सांगितलं, तेव्हा ते टेप घेऊन उठले. "नाही मावणार. मी मोजलंय."

"तुम्ही मोजलंत, मी नेऊन आणलीये."

"बाहुल्या होत्या गं त्या. ही पोरं आहेत. गाडी उलटली तर काय करशील?"

हा प्रश्न मात्र खरा होता. रात्रभर बहुतेक तो प्रश्न सगळ्यांच्या उशाशी होता. सकाळी मास्तर दुकानात गेल्यावर पोस्टताईने थोरल्याला पुढे बसवलं, धाकट्याला मागे, पट्टे दोनदा ओढून बघितले. भिंगरी फळीवर. सासूबाईंनी चपला घातल्या. "थांब, येते मी. लिफ्टपुरती तरी."

"नको, आई."

सासूबाई चपला घालूनच दारात उभ्या राहिल्या. मीही माझ्या दारात. लिफ्ट आली. पोस्टताईने दांडा दाबला, पण बाहुल्यांच्या वेळी दाबला तसा एकदम नाही, हळूहळू, पोरांच्या तोंडाकडे बघत. चाकं उचलली. दोघं मागे रेलले आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच लिफ्टच्या छतावरचा दिवा दिसला. थोरल्याने तोंड वाकडं केलं, आता भोकाड पसरणार असं वाटलं. तेवढ्यात धाकटा खदखदून हसला. मग थोरलाही हसायला लागला, मान राखून, जरा उशिरा. दार लागलं.

आम्ही दोघी धावत खिडकीशी. बराच वेळ खाली कोणी दिसेना. सासूबाईंनी माझा दंड इतका दाबला की तिथे हिरवं-निळं झालं. मग इमारतीच्या दारातून आधी आगगाडीचं नाक दिसलं, मग सगळी आगगाडी, मग ती.

कोपऱ्यावर मास्तर दुकानाबाहेर आले. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, एक पाय रस्त्यावर. बायको दिसताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले, गाडी धरायला. पोस्टताईने त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि न थांबता रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मास्तर तसेच हात पुढे करून उभे. भिंगरीने त्यांना फळीवरून जीभ दाखवली. मग मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि एकटेच हसत बसले पायरीवर. वरूनही त्यांचे हलणारे खांदे दिसत होते.

"गेली की गं ही," सासूबाई म्हणाल्या.

"गेली."

त्या घरात वळल्या. कोणी रडत नव्हतं, काही उकळत नव्हतं, पायात कोणी येत नव्हतं. काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी एक दुपटं उचललं, पुन्हा ठेवलं. मग कॉटवर, चपलांसकट, जरा टेकतेच म्हणून आडव्या झाल्या. मी दार लोटून घेईपर्यंत त्या घोरायला लागल्या होत्या.